भाकरतुकडा

“यानाच्या उष्णतारोधक कवचाला तडे गेलेत, चौघे अंतराळवीर सुखरूप परततील का?” टीव्हीवरचा माणूस सकाळपासून विचारत होता. सुगंधाबाई भाकरीचा तुकडा हातात धरून समोर बसली होती. नवरा जालन्यात लोखंडाच्या भट्टीवर होता. तो आला की उंबऱ्यातच तुकडा ओवाळून टाकायचा आणि मगच त्याला आत घ्यायचं, हा तिचा नेम. एके दिवशी भट्टी फुटली. तो आलाच नाही, तुकडा हातातच राहिला. आता शेजारची मोनिका डोकावली. “मावशी, जेवल्या न्हाई अजून?” “ते येऊन राह्यले ना वरून.” “तुमचं कोण हाय त्यात?” “कोणी न्हाई. पण दारात कोणीतरी पाह्यजे.” मोनिका गेली. यान समुद्रात उतरलं. चौघंही हसत बाहेर आले. सुगंधाबाईनं टीव्हीवरून तुकडा ओवाळला, उंबऱ्यात येऊन अंगणात टाकला. मग सवयीनं ती दारातून बाजूला सरकली, आत येणाऱ्याला वाट द्यायला.