कलम चार, कलम पाच

"कलम चार," वकीलबाईंनी मोठ्याने वाचलं. "माझ्या पश्चात माझं राहतं घर, आतल्या सामानासह, थोरल्या मुलाच्या मालकीचं होईल." पान उलटलं. "कलम पाच. माझ्या धाकट्या मुलाला स्वतःचे व्यवहार समजत नसल्याने त्याची पालक म्हणून मी माझ्या मुलीला नेमतो. त्याचं राहणं, खाणं, औषधपाणी ही सर्व जबाबदारी तिची राहील."

मृत्युपत्राचा कच्चा मसुदा बाबांनी स्वतः केला होता, पट्टीने समास आखून. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. उत्तर बरोबर आल्यासारखे ते समाधानाने मान डोलवत होते.

मुलीने हात पुढे केला. "जरा बघू."

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रिपोर्टवर सही करण्याआधी ती प्रत्येक आकडा दोनदा वाचायची. तशीच तिने ती दोन कलमं वाचली. टंकनाची चूक नव्हती. घर एकाला, घरातला माणूस दुसरीला.

तो माणूस, छोटू, वय बेचाळीस, टेबलावरचा काचेचा पेपरवेट डोळ्याला लावून एकेकाकडे बघत होता.

"बाबा, मला विचारलं नाहीत."

"तुला काय विचारायचं? तुझा जीव आहे त्याच्यावर."

"आणि दादाचा?"

"अगं, मी नाही म्हणतोय का?" दादा फोनमधून मान वर न काढता म्हणाला. "काही लागलं तर सांग. मी आहेच."

"तू आहेसच. कुठे असतोस तेवढं एकदा कळू दे."

वकीलबाईंनी हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"बरं, तो राहणार कुठे?" तिने विचारलं.

"तुझ्याकडे," बाबा म्हणाले. "पालक तू, म्हणजे तुझ्याकडेच ना."

"माझ्या दीड खोलीत? तीसुद्धा भाड्याच्या? गेल्या वर्षी घराला रंग देत होतात तेव्हा चार दिवस होता माझ्याकडे. चारही दिवस दाराला पाठ लावून बसला होता. पाण्याचा घोट घ्यायला तयार नव्हता. शेवटी सलाईन लावावं लागलं. त्याला ते घर कळतं, बाबा. तोच नळ, तीच खिडकी. दुसरं काही कळत नाही."

"सवय होते गं सगळ्याची," दादा म्हणाला.

तिच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. पण आवाज तोच राहिला, डॉक्टरांना फोनवर आकडे सांगताना असायचा तसा.

"मॅडम, एक दुरुस्ती करा. चारमध्ये माझं नाव घाला आणि पाचमध्ये दादाचं. बाकी अक्षरही बदलू नका."

"भलतंच काय!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "थोरल्याकडे? छोटूला? अगं, आठ दिवसांत कुठल्यातरी संस्थेच्या दारात सोडून मोकळा होईल तो!"

दादाचा अंगठा फोनवर जागच्या जागी थांबला.

"बाबा?" तो म्हणाला.

बाबा हळूहळू खाली बसले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. स्वच्छच होता, तरी पुसत राहिले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत असून घर त्याला दिलंत आणि याला माझ्या गळ्यात बांधलंत. प्रेमाच्या नावाखाली."

"तो मोठा आहे गं," बाबा पुटपुटले. "घर मोठ्यालाच..."

वकीलबाईंनी लेखणीचं टोपण काढलं. "मग काय लिहू?"



छोटूने पेपरवेट खाली ठेवला आणि तो उठून उभा राहिला. "झालं. घरी."

त्याच्या उजव्या बुटाची नाडी सुटून जमिनीवर लोळत होती. ते त्याच्याही लक्षात आलं. त्याने पाय पुढे केला आणि तो थांबला. रोज सकाळी सात वाजता तो असाच पाय पुढे करायचा आणि कामावर जाता जाता बाबांच्या घरी डोकावून ती वाकायची.

पाय दादाच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. दादानेही तिच्याकडेच पाहिलं.

तिने हाताची घडी घातली.