मोडीतल्या चार ओळी

“वाचा,” मंत्री अनंतकृष्णराव म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठी टेबलावरून पुढे सरकवली.

राघोत्तमरावांनी आधी चष्मा पुसला. मद्रासेत मोडी वाचणारं माणूस शोधायला पोलिसांना आठवडा लागला होता. शेवटी ट्रिप्लिकेनच्या एका बोळात, दप्तरखान्यातून निवृत्त झालेले हे सत्तरीचे गृहस्थ सापडले. तंजावरी मंडळी त्यांना वाध्यार म्हणत, म्हणजे मास्तर. रविवारी ते घरी फुकट मोडी शिकवत. पोरं यायची, चार दिवसांत कंटाळून पळायची. एखादाच टिकायचा.

मंत्रीही तंजावरचेच. पण त्यांच्या घरातून मोडी दोन पिढ्यांमागेच गेली होती. उरली होती ती बोलायची मराठी, तीही अर्धी तमिळ.

भिंतीलगतच्या बाकावर, दोन शिपायांच्या मध्ये, संपादक कृष्णस्वामी बसले होते, तेही तंजावरीच. वादळग्रस्तांसाठी आलेला तांदूळ मंत्र्यांच्या मेहुण्याने परस्पर विकला, असं त्यांच्या तमिळ साप्ताहिकाने छापलं होतं. बातमी खरी होती आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण सरकारी कागद फोडले म्हणून धरलं कोणाला, तर छापणाऱ्याला! बातमी देणाऱ्याचं नाव सांगा आणि घरी जा, एवढंच मागणं होतं. पाच आठवडे कोठडीत दम्याने माणूस अर्धा झाला, पण नाव काही सांगितलं नाही. मग त्यांच्या कचेरीची झडती झाली आणि ही चिठ्ठी हाती लागली.

“मामा, वाचूं नका,” कृष्णस्वामी धापा टाकत राघोत्तमरावांना म्हणाले; वडीलधाऱ्यांना ते मामाच म्हणत.

“तूं उगे रहा!” मंत्री ओरडले. मग राघोत्तमरावांकडे वळले तेव्हा त्यांचा आवाज फाटला होता. “वाध्यार, माझा सुंदर गेला. बाविसावं लागलं होतं त्याला. बातमी छापून तीन दिवस झाले असतील. समुद्रावर जाऊन येतों म्हणाला, आलाच नाही. कॉलेजांत त्याला तांदूळचोराचा मुलगा म्हणत होते. पोराला सोसलं नाही. ह्या पत्रकारांनी मारलं त्याला, आणि हे लिहिणाऱ्याने. ह्याला मी आज सोडतों. मज तो हवा.”

भिंतीवर सुंदरच्या फोटोला मल्लिगेच्या फुलांचा ताजा हार होता. राघोत्तमरावांनी या मंत्र्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. आता समोर एक बाप रडत होता, आणि त्यांना त्याची दया आली.

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. पहिली ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“काय आहे?”

“गोदामाचा पत्ता आहे. पोती किती, लॉरी कुठल्या दिवशी निघाली.”

“आणि खाली? नाव?”

“नाव नाही.”

“अक्षर ओळखता येतं?”

कृष्णस्वामींनी डोळे मिटून घेतले होते.

“येतं,” राघोत्तमराव म्हणाले. “माझं आहे.”

मंत्र्यांना क्षणभर समजलंच नाही. मग त्यांनी कोरा कागद आणि टाक पुढे केला. “लिहा. पहिली ओळ लिहून दाखवा.”

राघोत्तमरावांनी लिहिलं. वळणं तीच, गाठी त्याच, ओळीच्या शेवटी शेपूट ओढायची लकबही तीच. मोडी न येणाऱ्यालाही दिसावं इतकं सरळ होतं. मंत्री दोन्ही कागद शेजारी धरून बराच वेळ पाहत राहिले.

“कळलं कसं तुम्हांला?”

“दप्तरखान्यात चाळीस वर्षं काढलीं. अजून ओळखी आहेत. भुकेल्यांचा तांदूळ होता तो, रावसाहेब.”

“आणि माझा मुलगा?” मंत्री हळूच म्हणाले. “तो कोणाचा होता?”

राघोत्तमरावांचे डोळे भरून आले. “त्याचं पाप माझ्या माथीं,” ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

मंत्र्यांनी शब्द पाळला. कृष्णस्वामींना तिथल्या तिथे मोकळं केलं आणि शिपायांनी राघोत्तमरावांना दंडाला धरून बाहेर काढलं. पोर्चमध्ये जीप यायची होती. शिपाई तमिळ बोलणारे, त्यांना मराठी कळत नव्हती.

कृष्णस्वामी खांबाला धरून कसेबसे जवळ आले.

“मामा, हें काय केलंत? तें तुम्ही लिहिलेलं नव्हे. मज ठाऊक आहे, चिठ्ठी माझ्या हातीं कोणी दिली तें.”

“मजही ठाऊक आहे,” राघोत्तमराव म्हणाले. “सुंदरला मोडी मीच शिकवली.”