डोअरकीपरचे डोळे

डोअरकीपरने त्या लठ्ठ गृहस्थांना मोठ्या अदबीने खुर्ची दाखवली आणि गृहस्थ थेट एका बाईंच्या मांडीवर बसले. बाई किंचाळल्या. पडद्यावर नेमका खून चालला होता, म्हणून निभावलं.

शो दुपारचा होता, पण थिएटरातल्या अंधाराला दुपार काय आणि रात्र काय. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर इतरांना थोड्या वेळाने दिसू लागे. याला शो संपेपर्यंत काही म्हणजे काही दिसत नसे. बॅटरीचा गोल पडेल तेवढंच जग, बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. मालकांना कळलं तर नोकरी गेलीच, या धास्तीने त्याने कुणापाशी ब्रही काढला नव्हता.

बायकोला मात्र कळलं. घरातले दिवे गेले तेव्हा तो दार समजून कपाटात शिरला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं.

"सकाळी खाता काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चहा-पाव."

"आणि जेवणात?"

"पाव-चहा," बायको म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "रातांधळेपणा आहे हा. अ जीवनसत्त्व पोटात गेलं नाही की डोळ्यांना अंधुक उजेडात दिसेनासं होतं. गोळ्या देतो, त्या सांगेन तेवढ्याच घ्या. आणि गाजर, पपई, पालेभाज्या, अंडी खायला लागा."

मग बायको हात धुऊन मागे लागली. डब्यात गाजर, ताटात पालेभाजी, येता-जाता पपई. तो नाक मुरडत गिळत राहिला. आणि एका दुपारी अंधारात त्याला खुर्च्या दिसल्या. मग माणसं दिसली, मग त्यांचे चेहरे. त्याला अगदी भरून आलं.

त्या दिवसापासून त्याला चेवच चढला. मागच्या रांगांत कुणाच्या खांद्यावर कुणाचं डोकं दिसलं की हा बॅटरी मारायचा. हातात हात दिसला की खाकरायचा आणि "नीट बसा" म्हणून बजावायचा. बघता बघता सगळं थिएटर शिस्तीला लागलं.

मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. शाबासकीच असणार, म्हणून तो कॉलर नीट करून गेला.

"डोळे बरे झाले म्हणे तुझे," मालक म्हणाले.

तो चपापला. "म्हणजे मालक, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून." मालकांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, सिनेमा बघायला इथे फक्त पुढच्या चार रांगा येतात. बाकीचं थिएटर तुला दिसत नाही म्हणून भरत होतं."