रांगोळीतलं गाव

चर्चच्या अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा उतरत होता आणि नळयोजना राबवणाऱ्या संस्थेकडून आलेल्या हेमलताचा जीव नुसता वरखाली होत होता. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी गावाभोवती ठसठशीत रेघ ओढली, आत शाळा, विहीर, अगदी पिठाची गिरणीही काढली. ओढ्यापलीकडची वस्ती मात्र विसरल्या. नळ कुठवर न्यायचा, हे याच नकाशावरून ठरणार होतं.

सांगून टाकावं? पण गावाचं गावानंच ठरवायचं, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिनंच नव्या कार्यकर्त्यांना शिकवलं होतं. ती ओढणीचं टोक पिळत राहिली.

"आता आपापल्या घरावर उभ्या राहा बरं," एवढंच म्हणाली.

सगळ्या हसत-खिदळत आपापल्या जागी गेल्या. कडेला एकटी मार्था उरली. दर रविवारी शेवटच्या ओळीत बसणारी. तिचं घर ओढ्यापलीकडे.

हसू विरलं. शेवटी पाळकसाहेबांच्या बायकोनं रांगोळीचा डबा तिच्यापुढे धरला. "चुकलंच गं आमचं, मार्था. काढ तुझं घर."

मार्थानं डबा घेतला, पण वाकली नाही. आधी तिनं गावाभोवतीची रेघ पायानं पुसून टाकली.