धाकटीचा उंचवटा

धाकटीच्या आलेखावर उंचवटा आलाय, हे थोरलीला कॉफीच्या मशीनपाशी कळलं आणि तिने भरलेला कप तसाच ओतून दिला.

थोरली आणि धाकटी ही नावं संशोधन गटातल्या टवाळांनी ठेवलेली. दोघी पीएचडीनंतरच्या संशोधक, दोघींची टेबलं एकाच खोलीत. थोरली इथे आधी आली होती आणि अजून तात्पुरतीच होती, एवढाच फरक. तिची मुदत यंदा संपत होती, आणि कायमची जागा यंदा एकच निघणार होती. आई दर फोनवर विचारायची, "झालं का गं पक्कं?" आणि थोरली म्हणायची, "होईल."

आता कसलं होतंय. कणांच्या टकरींचा ढीगभर डेटा तिने वर्षानुवर्षं उपसला, हाती काही लागलं नाही. आणि ही काल आलेली पोर येते काय, तिला आलेखात एका जागी नेहमीपेक्षा जास्त टकरी सापडतात काय, आणि सगळे नव्या कणाच्या गप्पा मारायला लागतात काय. थोरलीचा नुसता जळफळाट झाला.

"ताई, तुझीच चाळणी वापरली मी," धाकटी म्हणाली. कामाच्या तेवढ्याच टकरी निवडणारा तो प्रोग्रॅम थोरलीने लिहिला होता आणि कंटाळून सोडून दिला होता. "सभेत हे मांडायच्या आधी एकदा सगळ्यावर नजर टाकशील? सादरीकरणाचं पहिलं पान तेवढं राहिलंय, ते शेवटी करीन."

मस्का लावतेय, थोरलीच्या मनात आलं. पण तिने नजर टाकली.

उंचवट्यातल्या जवळजवळ प्रत्येक टकरीत कण टिपणाऱ्या शोधयंत्राचा एकच कोपरा उजळला होता. त्या कोपऱ्याला थोरली चांगली ओळखून होती. तिथलं व्होल्टेज अधूनमधून घसरायचं आणि कण आलेला नसतानाही तो आल्याची बोंब व्हायची. मागे शिफ्टवर असताना तिनेच ते पाहिलं होतं. नवा कण कसला, सैल केबल होती ती.

ओठांवर आलेलं तिने गिळलं. सभेला कायमच्या जागेची निवड समिती येणार होती. त्यांच्यातला कोणीतरी हा कोपरा पकडेलच.

"कसं वाटतंय?" धाकटीने विचारलं.

"छान. अक्षरं जरा मोठी कर."

"आणि यंत्राची काही गडबड?"

थोरलीने चष्मा काढून पुसला. "मला तरी दिसत नाही."

"मग झालं तर. तू म्हणालीस म्हणजे विषय संपला."

या धंद्यात पेपरवर शेकडो नावं असतात, तीही अक्षरांच्या क्रमाने. भाव मिळतो तो सभेत उभं राहून बोलणाऱ्याला, आणि फजितीही त्याचीच होते. म्हणूनच सभेच्या दिवशी थोरली ठेवणीतला शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसली. तिथून धाकटीचा चेहरा नीट दिसला असता. कितीतरी दिवसांनी तिला सकाळी पोटभर खावंसं वाटलं होतं.

धाकटी माइकपाशी गेली.

"मी बोलणार नाहीये. चाळणी ताईची, यंत्र तपासलं तिने, मी नुसती बटणं दाबली. मला अजून संधी मिळतील. तिची ही शेवटची आहे. आधी सांगितलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती, म्हणून परस्पर सरांना विचारलं."

टाळ्या पडल्या. गटप्रमुख सरांनी मागे वळून थोरलीला हाताने बोलावलं. कोणीतरी तिला हलकेच पुढे ढकललं.

पडद्यावर पहिलं पान आलं. वर तिचं नाव होतं, आणि खाली एक ओळ: शोधयंत्रात दोष नाही, स्वतः तपासलं आहे. अक्षरं चांगली मोठी होती.

समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पुढचे आलेख आधीच चाळले होते. त्यांनी पेन उचललं.

"सुरुवात या कोपऱ्यापासून करू या का?"