शून्य पावलं

वॉकरच्या आधाराने सावकाश चालत येऊन आईने दार उघडलं. मुलगा आत येऊन सोफ्यावर टेकला आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला. “तुझ्या मनगटावरचं घड्याळ काय सांगतंय बघ. आठवडाभरात शून्य पावलं! एकटीनं राहणं आता तुला झेपायचं नाही. सोमवारपासून वृद्धाश्रम.” “मग आत्ता दार कुणी उघडलं? भुतानं?” “आई, यंत्र खोटं बोलत नाही.” “अरे शहाण्या, ते पाय कुठे बघतं? हाताचे झोके मोजतं. वॉकर धरला की हात जागचा हलत नाही.” “बनवणाऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं,” तो फोनवरून नजर न हटवता म्हणाला. आईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. ती खुर्चीत बसली, घड्याळ बांधलेला हात वर करून “या आता आपण!” म्हणाली आणि निरोपादाखल तो हलवत राहिली. त्याच्या फोनवर तिची पावलं भराभर वाढू लागली.