मालकाचं डावं भिंग

‘डोळा खोटं बोलत नाही,’ असं कामगार न्यायालयाच्या भिंतीवर पितळी अक्षरांत लिहिलं होतं. त्यातला ‘नाही’ गेल्या वर्षी गळून पडला होता.

तातोबा लोहाराला उरलेलंही दिसत नव्हतं. वीस वर्षं वेल्डिंग करून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डॉक्टर त्याला डोळ्यातल्या भिंगाचं ऑक्सिडेशन म्हणत, तातोबा सरळ गंज म्हणे. न्यायालयातलं नवं यंत्र या गंजाचे थर झाडाच्या वलयांसारखे तारीखवार वाचायचं. ज्या मालकाच्या कामावर असताना गंज चढला, त्याने आपलं एक स्वच्छ भिंग कामगाराला काढून द्यायचं, असा कायदा होता.

“मी चष्मा दिला होता,” कारखान्याचे मालक शांतिनाथ मगदूम म्हणाले.

“दिला होता की, मालक. तडकलेला! आता तुमचं डावं द्या. उजवं ऱ्हाऊ दे, मी कसा बघतोय ते बघायला.”

“हळू बोला की वो,” त्याची बायको हौसाबाई कुजबुजली.

“का हळू? सुट्टीदिवशी उघड्या डोळ्यांनी अख्ख्या गल्लीची गेटं फुकट जोडून दिली मी. ह्यांना भितो व्हय?”

यंत्र घरघरून थांबलं. तपासनीस बाईंनी कागद वाचला. “मोठे डाग एकशे बारा. सगळे सोमवारचे.”

मगदूमांनी रुमाल काढून डावा डोळा हळुवार पुसला.

कारखान्याला सोमवारी सुट्टी असायची.